फुकट घेतलेल्या कोडची अट

"काका, जी वस्तू कोणीही फुकट घ्यावी म्हणून ठेवली आहे, ती घेतली तर चोरी कशी होते?"

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या मुलीने दारात उभे राहूनच हा प्रश्न विचारला. मुलगी बी.सी.ए. झालेली. वडील कारखान्यात फिटर. संगणकाच्या नोकरीला लागलेली त्या घरातली ती पहिलीच. पुण्यातील एका लहान कंपनीत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. कंपनी कारखान्यांसाठी व पतसंस्थांसाठी पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर तयार करून विकते. तिच्याकडे काम आले ते असे, की कामगाराच्या पगाराची स्लिप पीडीएफ स्वरूपात निघाली पाहिजे. तिने दोन दिवसांत ते करून दाखवले. वरिष्ठांनी शाबासकी दिली. पुढे एका मोठ्या गिऱ्हाईकाने व्यवहार पक्का करण्यापूर्वी विचारले, की तुमच्या मालात बाहेरचे कोणकोणते भाग बसवले आहेत त्यांची यादी द्या आणि प्रत्येकाचा परवाना दाखवा. यादी केली तेव्हा हिने वापरलेल्या भागाचे नाव निघाले आणि शाबासकी देणाऱ्यांनीच सर्वांसमोर तिला सुनावले. नोकरी राहते की जाते, अशी वेळ आली.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारकुनी करणारा माणूस. संगणकावर पत्रे टाईप करणे आणि तक्त्यांच्या बेरजा घेणे यापलीकडे माझी धाव नाही. पण करारनामे, टेंडरच्या अटी-शर्ती, भाडेपट्टे वाचण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे. म्हणून तिला म्हटले, "बाळ, त्या परवान्याचा कागद छापून आण. कागद आहे ना, मग तो वाचता येईल." तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी तो कागद आणि त्याच्या भाऊबंदांचे कागद वाचले. जे समजले ते येथे मांडतो, कारण आज आपल्या घराघरांतून मुले-मुली या धंद्यात उतरत आहेत, आणि कोड कसा लिहावा हे त्यांना शिकवले जाते, पण दुसऱ्याचा कोड कोणत्या अटीवर घ्यावा हे फारसे कोणी सांगत नाही.

प्रथम 'लायब्ररी' या शब्दाचा घोळ दूर करू. येथे लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. सुतार दार बनवतो तेव्हा बिजागऱ्या, कड्या, स्क्रू स्वतः ओतत बसत नाही, दुकानातून तयार आणतो. तसे प्रोग्रामर लोकही तारखांचा हिशेब, चित्राचा आकार लहान करणे, पीडीएफ काढणे असली नेहमीची कामे करणारे तयार भाग आणून आपल्या प्रोग्रामात बसवतात. अशा तयार भागाला लायब्ररी म्हणतात. आज जे सॉफ्टवेअर आपण वापरतो त्यात कंपनीने स्वतः लिहिलेला भाग पुष्कळदा थोडाच असतो, बाकी सारे असे बाहेरून आणलेले भाग असतात.

दुसरी गोष्ट 'सोर्स कोड'. प्रोग्रामर जे लिहितो ते जाणकार माणसाला वाचता येते. मग त्याचे मशीनसाठी रूपांतर होते, आणि उरतात ते नुसते शून्य आणि एक. बहुतेक कंपन्या गिऱ्हाईकाला हे दुसरे रूपच देतात, पहिले आपल्या तिजोरीत ठेवतात. याला क्लोज्ड सोर्स, म्हणजे बंद सॉफ्टवेअर म्हणतात. मसाल्याचे पाकीट विकत मिळते, कृती मिळत नाही, तसेच हे. उलट, ज्याची कृतीही सोबत दिली जाते, आणि ती वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची मोकळीक दिली जाते, ते ओपन सोर्स.

आता खरी मेख. कृती उघडी ठेवली म्हणजे ती बेवारस झाली असे नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात संगणक प्रोग्राम हा पुस्तकासारखाच 'साहित्यकृती' धरला जातो. लिहिणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याची नक्कल करता येत नाही. नोकरीच्या कामात लिहिला असेल तर, वेगळा करार नसल्यास, तो मालकाचा. ओपन सोर्सचा परवाना म्हणजे ही परवानगीच होय, आणि ती अटींवर दिलेली असते. अट मोडली की परवानगी संपते, आणि परवानगी संपली की राहते ती बिनपरवाना नक्कल. शेजारच्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. तिचे वडील चहा घेता घेता म्हणाले, "फुकट म्हणता, मग भांडण कसलं?" भांडण पैशाचे नव्हतेच, अटीचे होते.

एका प्रिंटरची गोष्ट

ही अट कोणी आणि का घातली, ते जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत एम.आय.टी. या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करीत. तेथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांच्या संगणकावर निरोप जावा, अशी सोय त्यांनी त्याच्या प्रोग्रामात बदल करून केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर प्रयोगशाळेला मिळाला. त्याचा सोर्स कोड मात्र मिळाला नाही. कागद अडकायचा, लोक वाट पाहत बसायचे, आणि करता येण्यासारखे काम करता येत नव्हते. दुसऱ्या विद्यापीठातील एका माणसाकडे तो कोड आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याला भेटले. त्याने नकार दिला, कारण कोड कोणाला दाखवणार नाही असा करार त्याने कंपनीशी केला होता.

स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभी करायची, असा तो संकल्प. जानेवारी १९८४ मध्ये काम सुरू करण्याआधी त्यांनी एम.आय.टी.ची नोकरी सोडली, कारण नोकरीत राहून लिहिले असते तर त्या कामावर विद्यापीठाला मालकी सांगता आली असती. मला हा माणूस येथे कारकुनासारखा वाटला. आधी कागद नीट केला, मग कामाला हात घातला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आला 'जनरल पब्लिक लायसन्स', थोडक्यात जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये व तिसरी २९ जून २००७ रोजी निघाली.

जीपीएलचे म्हणणे थोडक्यात असे : हा प्रोग्राम वापरा, बदला, त्याच्या प्रती काढा, हवे तर पैसे घेऊन विका. पण दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा त्याला सोर्स कोडही द्या, आणि तुम्हाला जी मोकळीक मिळाली तीच त्यालाही द्या. तुम्ही त्यात भर घालून नवा प्रोग्राम केलात तरी तो संपूर्ण प्रोग्राम याच अटीवर द्या. मधे कोणी कुंपण घालायचे नाही.

कॉपीराइटचाच कायदा हाती घेऊन त्याचे काम उलट करून दाखवले म्हणून याला 'कॉपीलेफ्ट' म्हणतात. राइट म्हणजे हक्क आणि उजवाही, त्यावरून लेफ्ट. डॉन हॉपकिन्स नावाच्या एका प्रोग्रामर मित्राने स्टॉलमन यांना धाडलेल्या पाकिटावर गमतीने हा शब्द लिहिला होता, तोच पुढे रूढ झाला.

सर्वच ओपन सोर्स परवाने असे नाहीत, हे ध्यानात घ्यावे. एम.आय.टी., बी.एस.डी., अपाची या नावांचे परवाने सैल आहेत. लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, मग तुमचा माल बंद ठेवलात तरी चालेल, असे त्यांचे साधारण म्हणणे. कंपन्यांना ते सोयीचे वाटतात यात नवल नाही.

वेल्डिंग की नट-बोल्ट?

आता मुख्य प्रश्न. संपूर्ण प्रोग्राम जीपीएलचा असेल तर गोष्ट सरळ आहे. पण माझा प्रोग्राम माझा, त्यात दुसऱ्याची जीपीएलची एक लायब्ररी बसवली. मग माझ्या कोडचे काय? बिजागरी दुसऱ्याची म्हणून अख्खे दार दुसऱ्याच्या अटीवर द्यायचे का?

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे उत्तर पहिल्यापासून 'होय' असे आहे. प्रोग्राम आणि लायब्ररी जोडून जे एक होते, ती एक संयुक्त कृती, आणि ती वाटायची तर संपूर्ण जीपीएलवर वाटा. यातून पळवाट काढण्याचे प्रयत्नही लवकरच झाले. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ग्नूच्या कंपायलरला, म्हणजे सोर्स कोडचे मशीनसाठी रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, 'ऑब्जेक्टिव्ह सी' भाषेचा भाग जोडला. तो भाग बंद ठेवून गिऱ्हाईकाला सुटा द्यायचा आणि जोडणी त्याच्याच हातून करून घ्यायची, अशी युक्ती कंपनीने सुचवली. स्टॉलमन यांनी वकिलाचा सल्ला घेऊन नकार कळवला, आणि नेक्स्टने तो भाग खुला केला.

१९९२ मधले प्रकरण मला त्याहून उद्बोधक वाटते, कारण त्यात कोणी धनदांडगा नव्हता. ब्रुनो हैबल या जर्मन प्रोग्रामरने 'सीलिस्प' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. त्यात टाईप केलेली ओळ दुरुस्त करण्यासाठी 'रीडलाइन' ही ग्नूची लायब्ररी त्याने वापरली. रीडलाइन जीपीएलची. स्टॉलमन यांनी पत्र लिहून ते निदर्शनास आणले. हैबलने वाद घातला. माझा प्रोग्राम रीडलाइनशिवायही चालतो, तिच्या जागी नावापुरती पोकळ लायब्ररी जोडून देतो, असे त्याने सुचवले. पत्रापत्री झाली, स्टॉलमन बधले नाहीत. शेवटी हैबलने आपला अख्खा प्रोग्रामच जीपीएलवर दिला.

हे वाचून माझ्या मनात आले, की ओळ दुरुस्त करण्याच्या एवढ्याशा सोयीसाठी अख्ख्या प्रोग्रामावर हक्क सांगणे जरा अतीच झाले. पण स्टॉलमन यांचा हिशेब वेगळा होता. ज्यांच्यापाशी पैसा व माणसे आहेत त्यांच्यासमोर मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातात काय आहे? काही चांगल्या लायब्ऱ्या. त्या हव्या असतील तर आमच्या बाजूला या. एकट्याने घासाघीस होत नाही, हे ज्याने कामगार संघटनेची पावती फाडली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

तरीही प्रत्येक लायब्ररीला हा हट्ट धरून चालणार नाही, हे त्यांनाही कळत होते. जे काम करणाऱ्या दुसऱ्या लायब्ऱ्या बाजारात आहेतच, तेथे कडक अट घातली तर लोक दुसरीकडे जातील, एवढेच. म्हणून १९९१ मध्येच लायब्ऱ्यांसाठी एक मवाळ परवाना निघाला, तो एलजीपीएल. यातल्या 'एल'चा अर्थ आधी 'लायब्ररी' होता. १९९९ मध्ये तो बदलून 'लेसर', म्हणजे उणा, असा केला, कारण लायब्ररी म्हटली की हाच परवाना असा लोकांचा समज होऊ लागला होता.

एलजीपीएल म्हणतो : तुमचा प्रोग्राम बंद ठेवा, हरकत नाही. पण आमच्या लायब्ररीत काही बदल केलात तर त्या बदलांचा सोर्स कोड द्या. आमची लायब्ररी वापरली आहे हे सांगा. आणि गिऱ्हाईकाला ती लायब्ररी काढून तिच्या जागी सुधारलेली लायब्ररी बसवता आली पाहिजे, अशी सोय ठेवा.

या शेवटच्या कलमावर आम्ही दोघे अडलो होतो. मुलगी मला 'स्टॅटिक लिंकिंग' आणि 'डायनॅमिक लिंकिंग' समजावत होती. पहिल्यात लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलमध्येच कायमची मिसळून जाते. दुसऱ्यात ती वेगळ्या फाइलमध्ये राहते आणि प्रोग्राम चालू झाला की त्याला येऊन मिळते. मला काही केल्या उमजेना. तिचे वडील शेजारी बसून ऐकत होते, ते म्हणाले, "म्हणजे वेल्डिंग आणि नट-बोल्टचा फरक. वेल्ड केलेला भाग बदलायचा तर कापावा लागतो." मुलगी बघतच राहिली. नेमके तेच होते. नट-बोल्टने बसवले असेल तर एलजीपीएलची अट बहुधा सहज पाळली जाते. वेल्ड केले असेल तर पुन्हा जोडता यावे म्हणून प्रोग्रामचे सुटे भाग गिऱ्हाईकाला द्यावे लागतात.

जीपीएलच्या बाबतीत मात्र नट-बोल्टनेही सुटका होत नाही, असे फाउंडेशनचे मत आहे. काही कायदेपंडित ते मानत नाहीत, आणि निव्वळ जोडणीच्या प्रकारावर सर्वांना बंधनकारक असा निवाडा झालेला नाही. मुलांनी यावरून एवढाच बोध घ्यावा, की 'आम्ही डायनॅमिक जोडले आहे' एवढ्या आधारावर मान टाकून झोपू नये.

येथे एक गैरसमजही दूर करतो. जीपीएलचा प्रोग्राम ज्या यंत्रात आहे त्यातले सगळेच खुले करावे लागते, असे नाही. आपल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये लिहायला घेतला आणि १९९२ मध्ये जीपीएलखाली आणला. पण त्यावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम जीपीएलचा होत नाही, असे टोर्व्हाल्ड्स यांनी परवान्यासोबतच लिहून ठेवले आहे. म्हणून बँकेचे ॲप बंद राहू शकते. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' येथे जाऊन 'कायदेशीर माहिती' उघडून पाहा. परवान्यांची लांबच लांब यादी दिसेल. आपण खिशात काय घेऊन हिंडतो, ते मलाही त्या दिवशीच प्रथम कळले.

मोठ्यांनाही चुकले नाही

कागदावर अटी पुष्कळ असतात, त्या पाळतो कोण, असे कोणी म्हणेल. तर ऐका.

लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४-जी नावाचा राउटर २००२ च्या डिसेंबरात बाजारात आला. घरात बिनतारी इंटरनेट पुरवणारी ही निळी-काळी पेटी अमेरिकेत घरोघर गेली. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरना लिंकसिस विकत घेतली. त्याच सुमारास काही चौकस लोकांनी शोधून काढले, की या पेटीत लिनक्स आणि जीपीएलचे इतर भाग आहेत, पण सोर्स कोडचा पत्ता नाही. सिस्कोने ते सॉफ्टवेअर स्वतः लिहिलेलेच नव्हते. लिंकसिसने चिप घेतली होती ब्रॉडकॉमकडून, आणि सॉफ्टवेअर तयार झाले होते तिसऱ्याच देशात. म्हणजे ठेकेदाराने पोटठेकेदाराला दिले, त्याने काय घातले ते वरच्याला ठाऊक नाही, आणि सही मात्र शेवटच्या मालकाची. आपल्या ऑफिसांतून हे चित्र नवे नाही. अखेर २००३ च्या उन्हाळ्यात सोर्स कोड जाहीर झाला. त्यातून जानेवारी २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प निघाला. त्याच्या नावातली डब्ल्यूआरटी ही अक्षरे त्या पेटीवरूनच आली, आणि आज तो शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो.

सिस्कोची कटकट तेथे संपली नाही. पुढील मालातही अटी पाळल्या जात नाहीत अशी तक्रार करून डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. त्यात कंपायलर होता तशी रीडलाइन आणि ग्नूची सी लायब्ररीही होती. मे २००९ मध्ये समेट झाला. लिंकसिसमध्ये या कामासाठी एक अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले आणि संस्थेला देणगीही दिली. त्याआधी २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने हॅराल्ड वेल्टे या प्रोग्रामरच्या अर्जावर साइटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम देऊन जीपीएल हा परवाना कायद्याने टिकतो, असे दाखवून दिलेच होते.

पण सर्वांत बोलके प्रकरण फ्रान्समधले, आणि ते अगदी लायब्ररीचेच आहे. आंत्रूव्हेर ही सहकारी तत्त्वावर चालणारी एक लहान कंपनी. तिने 'लासो' नावाची लायब्ररी लिहिली. एकदाच ओळख पटवून अनेक सेवांत प्रवेश मिळावा, यासाठी ती उपयोगी पडते. जीपीएलवर घ्या, नाहीतर पैसे देऊन वेगळा परवाना घ्या, असे दोन मार्ग तिने ठेवले होते. ऑरेंज या महाकाय टेलिफोन कंपनीला २००५ मध्ये फ्रेंच सरकारच्या नागरिक सेवा पोर्टलचे काम मिळाले. त्यात तिने लासो बसवली, पण पहिली अट पाळली नाही आणि दुसरा परवानाही घेतला नाही.

आंत्रूव्हेर २०११ मध्ये न्यायालयात गेली. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सांगितले, की हा फार तर कराराचा भंग, कॉपीराइटचा दावा येथे चालणार नाही. २०२१ मध्ये अपिलातही तेच. लहान कंपनीने तेव्हाच हात टेकले असते तर तिला कोणी नावे ठेवली नसती. ती सर्वोच्च अपील न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे खालचा निकाल रद्द झाला, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी पॅरिसच्या अपील न्यायालयाने ऑरेंजला दोषी ठरवले. आर्थिक नुकसानीपोटी ५ लाख युरो आणि नैतिक हानीपोटी दीड लाख युरो देण्याचा हुकूम झाला. तेरा वर्षे लागली. तारखा पडणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या परवान्यांना 'रोग' म्हणून हिणवणारेही झाले. मायक्रोसॉफ्टचे त्यावेळचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. ज्याला लागतो त्याला सोडत नाही, असा रोख. पुढे याच कंपनीने आपल्या विंडोजबरोबर लिनक्सचा गाभा द्यायला सुरुवात केली. असो.

पगाराच्या स्लिपचे काय झाले?

आमच्या मुलीने वापरलेली लायब्ररी म्हणजे 'आयटेक्स्ट'. पीडीएफ काढण्यासाठी ती जगभर वापरली जाते. घोळ असा, की तिच्या जुन्या आवृत्त्या एलजीपीएलवर मिळत असत. २००९ च्या अखेरीस पाचवी आवृत्ती निघाली ती 'एजीपीएल'वर. हा जीपीएलचाच अधिक कडक भाऊ. जीपीएलमध्ये प्रत दुसऱ्याच्या हाती दिली तरच अट लागू होते. एजीपीएलमध्ये बदललेला प्रोग्राम नुसता सर्व्हरवर ठेवून लोकांना नेटवर्कवरून वापरायला दिला तरी सोर्स कोड द्यावा लागतो. ज्याला हे नको त्याने कंपनीकडून पैशाचा परवाना घ्यावा. यात लपवाछपवी काही नाही, सारे लिहिलेले आहे. मुलीने मात्र कुठल्याशा जुन्या लेखात 'एलजीपीएल, बंद सॉफ्टवेअरलाही चालते' असे वाचले आणि नवी आवृत्ती उतरवून घेतली. एका अक्षराचा फरक. आवृत्ती बदलली की परवाना बदलू शकतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आम्ही कागदावर दोन गोष्टी लिहून काढल्या. एक, तो माल अजून एकाही गिऱ्हाईकाकडे गेलेला नव्हता. घरातल्या घरात करून पाहण्याला परवान्याची आडकाठी नाही, म्हणजे अट अजून मोडलेलीच नव्हती. दोन, त्या कंपनीत बाहेरचा भाग घेण्यापूर्वी परवाना तपासण्याची पद्धतच नव्हती. शाबासकी देणाऱ्याने तरी कुठे विचारले होते? हे दुसरे तिने चारचौघांत बोलू नये, लेखी आणि नम्र शब्दांत द्यावे, असे मी सुचवले. तिने सोमवारी तसा अर्ज दिला, आणि सोबत उपायही लिहिले : आयटेक्स्टचा पैशाचा परवाना घेणे, किंवा जुन्या आयटेक्स्टवरून निघालेली एलजीपीएलची ओपनपीडीएफ वापरणे, किंवा अपाची परवान्याची पीडीएफबॉक्स वापरणे. कंपनीने पीडीएफबॉक्स निवडली. तिच्यात तक्ते आपोआप आखले जात नाहीत, एकेक रेघ मोजून मारावी लागते. दोन दिवसांचे काम बारा दिवसांचे झाले. पण स्लिप निघाली, व्यवहार पक्का झाला, आणि प्रोबेशन संपल्यावर ती कायम झाली.

आता बाहेरच्या भागांची यादी ठेवणे हे त्या कंपनीत तिचेच काम आहे. परवा ती वही घेऊन आली होती. भागाचे नाव, आवृत्ती, परवाना, कुठून घेतला, वेल्ड की नट-बोल्ट. शेवटच्या रकान्याला तिने खरोखरच ही नावे दिली आहेत. वडिलांनी चष्मा लावून सगळी पाने उलटली. एका ओळीत परवान्याचा रकाना कोरा होता. कोड उघडा पडलेला आहे, पण लेखकाने परवाना म्हणून काहीच लिहिलेले नाही.

"म्हणजे हा पूर्ण मोकळा," वडील म्हणाले.

"नाही बाबा, परवाना नाही म्हणजे परवानगीच नाही," ती म्हणाली. "लेखकाला पत्र पाठवलंय. उत्तर येईपर्यंत तो भाग बाहेर काढून ठेवलाय."